हेल्मेटवाले वस्ताद

२०२३ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि त्या वयात जपानात एका हेल्मेट घातलेल्या म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन मी नदीचा बांध चढलो. म्हातारा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. माझ्या पाठीवर बसून तो माझ्याच पायांकडं बोट करायचा आणि दर पावलाला ओरडायचा, "उजवा पाय, योशी! डावा पाय, योशी!" येणारेजाणारे थांबून बघत होते. मी कुणाकडं बघितलं नाही. ओझं पाठीवर असताना इकडंतिकडं बघायचं नसतं.

ते माझ्या नातीचे वस्ताद. पोरं त्यांना जपानीत काहीतरी म्हणायची, पण जो पोरांच्या अंगात ताकद भरतो त्याला आमच्याकडं वस्ताद म्हणतात, म्हणून मी वस्तादच म्हणत आलो. नाव मी कधी विचारलं नाही. त्यांनीही माझं विचारलं नाही.

माझं शिक्षण चौथी. पुढं अडतीस वर्षं सांगलीच्या हळदपेठेत पोती उचलली. ताकद म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नाही, आणि हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगत होतो. मुलगा प्रसाद तिकडं तोयोसूला कॉम्प्युटरच्या कंपनीत, राहायला इचिकावात. त्यानं मला तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. त्याची मुलगी रेवा बारा वर्षांची. मराठी सगळं कळतं, पण उत्तर जपानीत. फारच डोळे वटारले तर मराठीत.

ही पोर फुटबॉल खेळते म्हणून बघायला गेलो, तर चेंडू लांबट. तांबडा, नारळाएवढा, दोन्हीकडं टोकं. हा फुटबॉल ऑस्ट्रेलियाचा. चेंडू हातात घेऊन पळायचं, पळतापळता जमिनीवर आपटायचा, लाथेनं उडवायचा, मुठीनं मारायचा. मैदानाच्या टोकाला दोन नाही, चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू गेला तर सहा गुण. नेम चुकून बाजूच्या खांबांतून गेला, तरी एक गुण. मी रेवाला विचारलं, "चुकल्यावर पण गुण?"

"हो, आजोबा."

"हा खेळ कुणी चांगल्या माणसानं काढलाय."

वस्ताद तरुणपणी कामानं दोन वर्षं ऑस्ट्रेलियात राहिले होते, तिथं त्यांना हे वेड लागलं. त्यांचं काम लिफ्ट तपासायचं. चाळीस वर्षं इमारतींच्या लिफ्टा वरून, खालून, आतून तपासल्या. निवृत्त झाले तरी पिवळं हेल्मेट डोक्यावरून उतरलं नाही. मैदानावर हेल्मेट, दुकानात हेल्मेट, आणि पोरं सांगायची की केस कापायला गेले की न्हावी अर्धं अर्धं वर उचलून कापतो. स्वतः राहायला नवव्या मजल्यावर, पण लिफ्टमध्ये कधी पाऊल टाकलं नाही. का, विचारलं तर म्हणायचे, "मी त्यांना आतून ओळखतो."

आता हे 'योशी' काय ते सांगतो. तिकडं स्टेशनवर रेल्वेची माणसं सिग्नलकडं बोट करतात, दाराकडं बोट करतात आणि मोठ्यानं म्हणतात, योशी. म्हणजे बघितलं, ठीक आहे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं हा माणूस गाडीला दम देतोय. नुसतं डोळ्यानं बघितलं तर माणूस चुकतो, बोट आणि तोंड लावलं की चुकत नाही, अशी त्यांची समजूत. वस्तादांनी तीच रीत पोरांना लावली. पळायच्या आधी वीस पोरं ओळीत उभी राहून आपल्याच अंगाकडं बोटं करायची. घोटा, योशी. गुडघा, योशी. कंबर, योशी. पोट, योशी. दम, योशी. दम कुठं असतो ते प्रत्येकानं आपापलं ठरवलेलं. कुणी छातीकडं बोट करायचं, कुणी नाकाकडं, एक जाडा पोरगा शेजारच्याकडं करायचा.

"बोट दाखवून ताकद येते होय?" मी मैदानाशेजारच्या बांधावरून ओरडलो. वस्तादांनी रेवाला विचारलं हे काय म्हणतात. तिनं सांगितलं. त्यांनी माझ्याकडं बोट केलं आणि शांतपणे काहीतरी म्हणाले.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, आवाज, योशी."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, ते पोरांना पाठ होतं. लिफ्ट पडते ती दोर तुटल्यामुळं नव्हे, कुणीतरी न बघता योशी म्हटल्यामुळं. दिवसातून चारदा तरी म्हणायचे. चेंडू सुटला तरी हेच, बुटाची नाडी सुटली तरी हेच.

पोरांचा दम वाढवायला त्यांनी आपल्या इमारतीचा जिना धरला होता. नऊ मजले वर, नऊ मजले खाली, असं तीनदा. पण इमारतीच्या कमिटीनं अट घातली. बूट वाजता कामा नयेत आणि धापांचा आवाज येता कामा नये. आता धापांचा आवाज न करता नऊ मजले कोण चढणार? दुसरा कुणी असता तर कमिटीशी भांडला असता. मी तर भांडलोच असतो. वस्तादांनी कमिटीपुढं कमरेत वाकून ती अट पोरांना लावली. पायमोजे घालून, तोंड मिटून, नाकानं श्वास घेत वीस पोरं त्या जिन्यावरून मांजरासारखी वरखाली. मध्ये कुणी धाप टाकली की वस्ताद बंद दारासमोर उभं राहून त्या दाराला नमस्कार करायचे. दाराच्या आतल्या माणसाला पत्ताही नसायचा.

या सगळ्यात एक अडचण होती. पोरं शेवटपर्यंत टिकत नव्हती. खेळ चार भागांचा. तिसऱ्या भागात आमच्या पोरांचे पाय जड व्हायचे, चौथ्यात ती उभ्याउभ्या हरायची. पालकांची चुळबूळ चालली होती. सूनबाई मुग्धा त्या पालकांच्या सभेला जाऊन आली आणि जेवताना म्हणाली, "अण्णा, त्यांनी ठरवलंय. नोव्हेंबरच्या मॅचमध्ये मुलं शेवटच्या क्वार्टरला परत बसली, तर कोच बदलायचा. एक तरुण ट्रेनर बघितलाय. तो मुलांच्या मनगटाला घड्याळं लावतो."

"बरं होईल," मी म्हणालो.

रेवा जेवणावरून उठून गेली.

तेव्हा मी मनात धरलं की पोरांना खरी ताकद मीच देणार. दर बुधवारी शाळा सुटली की रेवा आणि तिच्यासोबतची सात-आठ पोरं आमच्या इमारतीमागच्या सायकलींपाशी जमायची. मी तांदळाच्या रिकाम्या पिशव्यांत रेती भरून ठेवलेली. पोरांना पाच किलोच्या वर मी कधी दिलं नाही, एवढी अक्कल मला आहे. पाठ सरळ ठेवून मांडीनं कसं उचलायचं, उचलताना 'हुं' करून श्वास कसा सोडायचा, चालताना टाच आधी कशी टेकायची, सगळं दाखवलं. पोरं महिन्याभरात तरबेज झाली. फक्त उचलायच्या आधी पिशवीकडं बोट करून "पिशवी, योशी" म्हणायची, ते काही सुटलं नाही.

त्या रेतीनं पण घोळ केला. पिशव्या कचऱ्याच्या जागेजवळ ठेवल्या होत्या. कुणाला तरी वाटलं टाकून दिल्यात. दुसऱ्या दिवशी प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी. जळणारा कचरा नाही, न जळणारा नाही, प्लास्टिक नाही, हे काय आहे ते कृपया कळवा. मुग्धा बिस्किटांचा डबा घेऊन चार घरी माफी मागून आली. "अण्णा, तुम्ही पण चला ना, नुसतं उभं राहायचं," म्हणाली. मी गेलो नाही. मी आयुष्यात कुणाची माफी मागितलेली नाही. हळदपेठेतल्या मुकादमाशी एका सांडलेल्या पोत्यावरून अकरा वर्षं बोललो नाही, आणि पोतं माझ्याच हातून सांडलं होतं.

बुधवारचं वस्तादांना कळलं. मला वाटलं भांडायला येतील. ते आले, बघत उभे राहिले, आणि रविवारी मैदानावर मला बोलावून पोरांच्या ओळीत उभं केलं. म्हणाले, जो शिकवतो त्याचीही तपासणी झाली पाहिजे. घोटा, योशी. गुडघा, योशी. कंबर, योशी. मग त्यांचं बोट माझ्या पोटापाशी थांबलं. वाकून बघितलं, चष्मा पुसून बघितलं, एका बाजूनं जाऊन बघितलं. आणि योशी म्हणाले नाहीत. नुसती मान हलवून पुढच्या पोराकडं गेले.

वीस पोरं हसली. रेवापण.

हे मला झोंबलं. पुढच्या बुधवारी मी एक मोठी पिशवी भरून ठेवली. वस्ताद आले आणि रेवाला म्हणाले, आज मीपण उचलणार, मला तुझ्या आजोबांची पद्धत शिकायची आहे. ते खरंच शिकायला आले होते, हे मला तेव्हाच दिसत होतं. त्यांनी विचारलं, वजन किती? मी दोन्ही हातांची बोटं दोनदा दाखवली. वीस. पिशवी तीस किलोची होती.

त्यांनी पिशवीकडं बोट केलं. वजन, योशी. गुडघा, योशी. कंबर, योशी. पोरं टाळ्या पिटत होती, तेव्हा त्यांनी कमरेकडं बोट करतानाच हसून पोरांकडं बघितलं. आणि उचललं. अर्ध्यावर पिशवी आली, मग कमरेतून 'कट' असा आवाज आला. माझ्या कानांनी ऐकला. वस्ताद तसेच वाकलेले राहिले. हेल्मेट जमिनीकडं.

टॅक्सीत बसवताना ते रेवाशी बोलत होते. ती रडायला लागली.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, कमरेकडं बोट केलं, पण बघितलं मुलांकडं. न बघता योशी म्हटलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा."

"मग?"

"म्हणाले, मॅच झाली की मी सोडणार. खोटं योशी म्हणणाऱ्याकडं मुलं देऊ नयेत."

मी तिथंच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पिशवी उचलून सायकलींमागं ठेवली. माझी मला ती उचलताना तीसची वाटली नाही, साठची वाटली.

मॅचच्या दिवशी मुग्धाचा फोन वाजला. वस्ताद आलेत, पण बांधाच्या पायथ्याशी अडकलेत. मैदान बांधाच्या पलीकडं, नदीच्या बाजूला. पायऱ्या चढवत नाहीत, आणि चाकाच्या खुर्चीचा उतार पार पुलाजवळ. मी खाली गेलो. त्यांना पाठ दाखवून बसलो. म्हणालो, "चढा." मराठीतच म्हणालो. चढले. पन्नास किलो असतील, आमच्या वेळच्या पोत्याच्या निम्मे. उजवा पाय, योशी. डावा पाय, योशी. मध्यावर आलो तेव्हा वाटलं, आता सांगावं. जपानीत सांगायला रेवा नाही तर नाही, बोटांनी तीस दाखवावेत. पण ओझं घेऊन चढताना हात सोडायचे नाहीत हा आमचा नियम. नियम त्या दिवशी फार सोयीचा होता.

समोरचा संघ परदेशी शाळेतला. एकेक पोरगा प्रसादएवढा. पहिल्या भागात आम्ही मागं, दुसऱ्यातही मागं. वस्ताद घडीच्या खुर्चीवर वाकडे बसलेले. दर भागानंतर कोनबिनी म्हणतात त्या कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेल्या भाताच्या गोळ्याचा एक चतुर्थांश खायचे. उरलेला कागदात गुंडाळून ठेवायचे. तिसऱ्या भागानंतर शेवटचा तुकडा हातात धरून बसले, खाल्ला नाही. पालक एका बाजूला घोळक्यानं उभे. घड्याळवाला तरुणही आलेला.

चौथा भाग सुरू झाला आणि समोरची पोरं धापा टाकायला लागली. गुडघ्यांवर हात, जिभा बाहेर. आमची पोरं? आमच्या पोरांची तोंडं मिटलेली. आवाज नाही. जिन्यावर पायमोज्यांत पळावं तशी ती नाकानं श्वास घेत पळत होती. धक्का बसला की मांड्या रोवून उभी राहायची आणि 'हुं' करायची. सगळ्या मैदानात आमच्या खेळायला उतरलेल्या नऊ पोरांचं तेवढंच ऐकू येत होतं. पंचाला भीती वाटली. त्यानं खेळ थांबवून आमच्या जाड्या पोराला विचारलं, तू श्वास घेतोयस ना? पोरानं नाकाकडं बोट केलं. "योशी."

गुण बरोबरीला आले. शेवटच्या मिनिटात लांबून आलेला चेंडू रेवानं खांबांपुढं हवेतच झेलला. या खेळात असा चेंडू झेलला की झेलणाऱ्याला थांबून, निवांत नेम धरून मारता येतो, पण फार वेळ नाही. समोरचा पोरगा हात वर करून उभा. पंच घड्याळाकडं बघतोय. आणि ही पोर बोटं दाखवत बसली. वारा, योशी. गुडघा, योशी.

"मार की गं!" मी ओरडलो.

कंबर. तिनं खरंच वाकून स्वतःच्या कमरेकडं बघितलं. योशी. पंचानं शिट्टी तोंडात धरली. दम, योशी. मारला.

चेंडू उंच गेला, हवेत वळला, उंच खांबाला चाटून बाजूच्या खांबांतून पडला. नेम चुकला. एक गुण. भोंगा वाजला. आम्ही एका गुणानं जिंकलो.

रेवा माझ्याकडं पळत आली. "आजोबा, मी मिस केलं!"

"मग एक गुण कुणी आणला?"

पालक वस्तादांपुढं ओळीनं वाकले. घड्याळवाला तरुणही वाकला. पुढच्या वर्षीही तुम्हीच, असं ते म्हणत असणार, मला तेवढं जपानी न शिकता कळलं. वस्ताद खुर्चीचे हात धरून उठले. हेल्मेट काढलं. त्यांचं डोकं आम्ही पहिल्यांदाच बघितलं. कपाळावर पांढरा पट्टा आणि वर केस हेल्मेटच्याच आकाराचे. हेल्मेट खुर्चीवर ठेवून त्यांनी खिशातून पाकीट काढलं आणि पालकांच्या प्रमुखाला दिलं. राजीनामा. पालकांना काही कळेना. पोरं रडायला लागली. ती आवाज न करता रडली, तशी सवयच लागली होती.

परत मीच त्यांना बांधावरून नेलं. या खेपेला त्यांनी माझ्या पायांकडं बोट केलं नाही. मोकळ्या डोक्याचा माणूस हेल्मेटवाल्यापेक्षा जड लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. टॅक्सी गेली तेव्हा लक्षात आलं, हेल्मेट रेवाच्या हातात राहिलंय.

घरी मुग्धानं जिंकल्याची पुरणपोळी केली. मी खाल्ली नाही. प्रसाद म्हणाला, "अण्णा, बरं नाही का?" म्हटलं, बरं आहे. रेवा माझ्याकडं बघत होती. तिनं माझ्या पोटाकडं बोट केलं आणि योशी म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी सायकलींमागून ती मोठी पिशवी काढली, पाठीवर घेतली. प्रसादच्या न्हाणीघरातला वजनकाटा काखेत धरला. हेल्मेट दुसरीकडं ठेवायला जागा नव्हती, म्हणून डोक्यावर घातलं. वस्तादांच्या इमारतीत लिफ्ट उघडीच होती. तिच्याकडं पाठ करून बूट काढले, लेसांनी गळ्यात अडकवले, आणि पायमोज्यांवर नऊ मजले तोंड मिटून चढलो. धाप टाकली नाही. सहाव्या मजल्यावर एका दाराला नमस्कार केला, तेवढाच.

वस्तादांनी दार उघडलं. कमरेला पट्टा, हातात काठी. मी उंबऱ्यापाशी काटा ठेवला, त्यावर पिशवी ठेवली. त्यांनी आकड्याकडं बघितलं. मग हातानं खुणावलं, काढा. काढली. काटा शून्यावर आल्याची त्यांनी खात्री केली आणि खुणावलं, ठेवा. ठेवली. परत काढा. परत ठेवा. तीनदा उचलायला लावली. तीनदा तोच आकडा आला. मग त्यांनी काट्यावरून डोळे उचलून माझ्या हातांच्या बोटांकडं बघितलं.

मी कमरेत वाकलो, मुग्धा वाकते तसा. मग सरळ होऊन काट्याकडं बोट केलं. "तीस, योशी." माझ्या छातीकडं बोट केलं आणि योशी म्हटलं नाही. खोटी माझी बोटं होती, त्यांची कंबर नव्हे, म्हणून तिच्याकडं बोट केलं, खाली वाकून, नीट बघून म्हटलं, "कंबर, योशी." शेजारचं दार किलकिलं झालं. झालं तर झालं. डोक्यावरचं हेल्मेट काढून मी त्यांच्या डोक्यावर ठेवलं, हनुवटीखाली पट्टा लावला, ओढून बघितला, आणि बघितल्यावरच म्हणालो, "पट्टा, योशी."